दाजींचं नायट्रोजन

जळगावात मार्च संपला की माझ्या दुकानात लोक एकच तक्रार घेऊन यायचे. संगणक सुरू होतो, दहा मिनिटं चालतो आणि आपोआप बंद पडतो. मी डबा उघडायचो. प्रोसेसरवरचा पंखा धुळीने बसलेला असायचा, आणि संगणक जिनिंगच्या ऑफिसातला असला तर पंख्याखाली कापसाच्या तुसाची गादीच तयार झालेली असायची. धरणगावहून आलेल्या एका डब्यातून मी चांगला मूठभर कापूस काढला होता. साफ करायचं, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावायची, भिंतीपासून हातभर लांब ठेवा म्हणून सांगायचं. पंधरा वर्षं मी हेच करत होतो. लग्न राहून गेलं होतं. खाली दुकान आणि वर खोली, एवढाच माझा पसारा.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी एक व्हिडिओ बघितला. परदेशातला एक माणूस उघड्या मदरबोर्डसमोर बसला होता. प्रोसेसरवर त्याने तांब्याचं उभं भांडं आवळून बसवलं होतं आणि थर्मासमधून त्यात काहीतरी ओतत होता. भांड्याच्या कडेवरून पांढरी वाफ खाली टेबलावर सांडत होती. ते द्रवरूप नायट्रोजन होतं, उणे एकशे शहाण्णव अंशाचं. प्रोसेसरचा वेग कारखान्यात ठरवून दिलेला असतो. तो त्याच्यापुढे रेटता येतो, पण मग तो तापतो आणि अडखळतो. जितका गार ठेवाल तितका पुढे जातो. त्या माणसाने त्याचा वेग जवळजवळ दुप्पट केला आणि पडद्यावरच्या आकड्याचा फोटो काढून एका साइटवर चढवला. त्या साइटवर प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची वेगळी यादी होती आणि यादीत जगभरातल्या लोकांची नावं होती. भारतातली फार थोडी. जळगावचं अर्थातच एकही नाही.

ते बघून मला काय झालं हे आज नीट सांगता येत नाही. यंत्र गरम होऊन मरतं, एवढं एक मला आयुष्यात पक्कं कळलं होतं. त्याच्या दुसऱ्या टोकाला एवढी मोठी जागा आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं. बाहेर चव्वेचाळीस अंश होतं. मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला.

सुरुवात मी कोरड्या बर्फापासून केली. लग्नात नवरा-नवरी स्टेजवर येताना जो पांढरा धूर सोडतात, तो याच बर्फाचा. माझं एक गिऱ्हाईक मंडप-डेकोरेशनवालं होतं. त्याने थर्माकोलच्या डब्यात भरून दिला. एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या टर्नरकडून तांब्याचं भांडं करून घेतलं. त्याने चित्र उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "यात काय शिजवणार?" मी म्हटलं, "काही शिजवायचं नाही, गार करायचंय." त्यावर तो हसला, पण भांड्याचा तळ मात्र त्याने आरशासारखा करून दिला.

पहिला बोर्ड मी पाण्याने मारला. गार भांड्यावर हवेतली ओल जमते, तिचे थेंब होतात आणि थेंब खाली उतरून बोर्डावर जातात. व्हिडिओत हे सांगितलं होतं, पण मला घाई होती. दुसऱ्या वेळी मी बोर्डावर पेट्रोलियम जेली चोपडली, प्रोसेसरभोवती फोमचे तुकडे कापून बसवले, भांड्याला टिश्यूचे कागद गुंडाळले. कोरडा बर्फ बारीक करून टाकला, वरून ॲसिटोन ओतलं. तापमापकाचा काटा उणे सत्तरच्या खाली गेला आणि कुठल्याशा ऑफिसच्या भंगारातून आणलेला तो प्रोसेसर त्याने जन्मात कधी न बघितलेल्या वेगाने धावला. मी एकटाच होतो. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. मला कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून ताईला फोन केला. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण ती म्हणाली, "बरं झालं, कशात तरी मन लागलं तुझं."

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचं सासर धुळ्याच्या पुढे, सोनगीरजवळच्या एका गावात. आणि तिचे यजमान, माझे दाजी, गाईम्हशी भरवायचं काम करायचे. त्या बाजूच्या सात-आठ गावांत कुणाची म्हैस माजावर आली की दाजींना फोन जायचा. वळूचं गोठवलेलं वीर्य प्लॅस्टिकच्या बारीक कांड्यांत येतं आणि त्या कांड्या जिवंत ठेवायच्या तर सतत द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवाव्या लागतात. दाजींच्या घरात, पडवीच्या कोपऱ्यात, दुधाच्या कॅनसारखं दिसणारं ॲल्युमिनियमचं मोठं कॅन कायम असायचं. मी वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी चपला काढत आलो होतो. त्यात काय असतं हे मला माहीतही होतं. पण व्हिडिओतलं नायट्रोजन आणि दाजींचं नायट्रोजन एकच, हे डोक्यात यायला मला दोन महिने लागले.

मी विचारलं तेव्हा दाजी चटकन हो म्हणाले नाहीत. गावात ते अहिराणी बोलायचे, माझ्याशी मात्र जरा पुस्तकी मराठी.

"भाऊ, हे उडून जातं रोज थोडं थोडं," ते म्हणाले. "दर महिन्याला गाडी येते, भरून जाते. गाडी यायच्या आदल्या दिवशी जे वर असेल, त्यातलं थोडं ने. पण एक बघ."

त्यांनी कॅनच्या मागून एक लाकडी काडी काढली. ती कॅनमध्ये तळापर्यंत घातली, थोडा वेळ धरली, बाहेर काढून हवेत हलवली. काडीच्या खालच्या भागावर पांढरं दव गोठलं. जिथपर्यंत पांढरं, तिथपर्यंत नायट्रोजन. काडीवर ब्लेडने एक खाच पाडलेली होती.

"या खाचेच्या खाली कधी जायचं नाही. कांड्या एकदा गरम झाल्या की संपलं. नंतर कितीही नायट्रोजन ओत, दिसायला तशाच दिसतील, पण मेलेल्या."

पहिला प्रयोग आम्ही त्यांच्याच अंगणात केला. सकाळची वेळ होती. दाजींनी मला बंद खोलीत बसू दिलं नाही. नायट्रोजन हवा खातं, माणसाला कळतही नाही, असं ते म्हणाले. त्यांनी स्वतः कॅन कलवून माझ्या थर्मासमध्ये ओतून दिलं. ताई ओट्यावर तांदूळ निवडत होती. भांड्यात पहिला घोट पडला तेव्हा तापलेल्या तव्यावर पाणी पडावं तसा आवाज झाला. मग हळूहळू तो आवाज शांत झाला. काटा उणे ऐंशी, उणे शंभर, उणे दीडशे असा खाली जात राहिला. दाजी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. आकडा वाढला की मी ओरडायचो आणि तेही ओरडायचे. कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ते फार खूश होते. तीस वर्षं मोटारसायकलला लहान कॅन बांधून गोठ्यागोठ्यांत फिरलेला माणूस. त्यांच्या नायट्रोजनकडे कुणी एवढ्या कौतुकाने कधी बघितलं नव्हतं.

त्यानंतर मी दर महिन्याला जाऊ लागलो. साइटवरच्या यादीत माझं नाव खालून वर सरकत होतं. माझ्या प्रोसेसरच्या यादीत भारतात तिसरा, मग दुसरा. पहिल्या नंबरवर बंगळूरचा एक जण होता. माझ्यापेक्षा त्याचा आकडा एवढासाच जास्त होता. मी दुकानातसुद्धा तोच आकडा मनात धरून बसायचो. गिऱ्हाईक बोलायचं आणि मला दुसऱ्यांदा विचारावं लागायचं.

पावसाळा संपता संपता दाजींच्या आईला पोटाचं ऑपरेशन करावं लागलं. दाजी धुळ्याच्या दवाखान्यात तिच्याजवळ राहिले. जायच्या आधी त्यांचा फोन आला. "भाऊ, तू रविवारी येणार आहेस ना? तेवढी काडी बघून घे. गाडी मंगळवारी येईल. ताईला त्यातलं कळत नाही."

मी गेलो. काडी घातली. पांढरं खाचेच्या वर दोन बोटं होतं. थर्मास भरून घेतला तर ते बरोबर खाचेपर्यंत आलं असतं, म्हणून मी एकच थर्मास भरला. त्या थर्मासमध्ये बंगळूरवाल्याच्या आकड्यापर्यंत पोचलो आणि तिथे संगणक अडकला. पुन्हा सुरू करायचा तर पुन्हा नायट्रोजन हवं. ताई आत स्वयंपाक करत होती. मी कॅन कलवलं. मग आणखी एकदा कलवलं. तिसऱ्या थर्मासला तो प्रोसेसर बंगळूरवाल्याच्या पुढे गेला. मी फोटो काढला, चढवला, आणि अंगणात एकटाच उभा राहिलो.

नंतर काडी घातली. फक्त टोकाला, करंगळीच्या पेराएवढं पांढरं आलं.

परवा गाडी येणारच आहे, असं मी स्वतःला सांगितलं. एवढ्यात दोन दिवस सहज निघतात, हेही सांगितलं. ते कॅन जुनं झालंय, त्यातलं नायट्रोजन लवकर उडतं, असं दाजी एकदा म्हणाले होते. ते मला त्या वेळी आठवलं नाही असं मी म्हणू शकतो, पण ते खोटं होईल. दाजींना फोनवर सांगितलं, "बघितली काडी. ठीक आहे."

गाडी मंगळवारी आली नाही. वाटेत तिचा ॲक्सल तुटला होता. ती आली पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी, आठ दिवस उशिरा. मधल्या दिवसांत ताईला मी एकदाही विचारलं नाही. त्या बुधवारी तिचाच फोन आला.

"अरे, गाडीवाला विचारत होता, कॅन कोरडं पडलं होतं का म्हणून. भरताना लई उकळलं म्हणे. गरम झालं होतं म्हणे. यांना सांगू का?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "तसं होतंच. त्यांना उगाच दवाखान्यात काळजी कशाला? मी सांगेन नंतर."

मी नंतर सांगितलं नाही. दुकानात संगणक माझ्यासमोर दिवसभर सुरू असतो; कांड्या किती गरमीत मरतात हे बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी ते बघितलं नाही.

दाजी परत आले, आई बरी झाली, त्यांनी काडी घातली तर कॅन भरलेलं. त्यांनी कामाला सुरुवात केली. हिवाळा हा म्हशींचा माजाचा काळ. त्यांना दिवसाला तीन-चार ठिकाणी जावं लागायचं. भरवलेली म्हैस गाभण राहिली नाही तर साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते. त्याला तिकडे उलटणं म्हणतात. थोड्या म्हशी उलटतातच, त्यात विशेष काही नसतं. पण दिवाळीनंतर एकेक करत सगळ्याच उलटू लागल्या.

डिसेंबरात मी ताईकडे गेलो होतो. अंगणात दाजींसोबत चहा घेत होतो तेव्हा गल्लीच्या टोकाला राहणारी आक्का आली. साठीच्या पुढची बाई, नवरा नाही, एका म्हशीच्या दुधावर तिचं घर चालायचं. ती बसली नाही.

"भाऊ, आते हाई तिसरी दाव शे," ती दाजींना म्हणाली. "मन्ही म्हैस पुन्हा उलटनी."

दाजींनी कप खाली ठेवला. "आक्का, मी आते येस. फुकट भरस."

"फुकटनं काय करू? दूध आटी गयं तिनं." आवाज चढवलेला नव्हता, म्हणून ते ऐकवत नव्हतं. "बठ्ठा गावले मीच सांगेल व्हतं, याना हातले गुण शे."

ती गेल्यावर दाजींनी आपले हात मांडीवर उलटे-सुलटे करून बघितले. मग मला म्हणाले, "भाऊ, वय झालं की हाताला नीट कळत नाही का रे? मला आत जागा बरोबर लागते असं वाटतं. पण आता शंका यायला लागली."

मी तिथे बसलो होतो. हातातला चहा मी संपवला. मी म्हटलं, "होतं दाजी कधी कधी असं."

याहून वाईट गोष्ट मी आयुष्यात केली नाही. थर्मास तीनदा भरला, तो हावरटपणा होता. हे वाक्य मात्र मी शुद्धीवर बोललो.

जानेवारीत लोक दाजींना बोलवेनासे झाले. शेजारच्या गावातला एक तरुण हे काम करायचा, त्याला फोन जाऊ लागले. दाजी सकाळी तयार होऊन मोटारसायकल पुसून ओट्यावर बसायचे. ताई फोनवर सांगायची की ते जेवताना बोलत नाहीत, आणि एकदा ती बघते तर गोठ्यात आपल्याच गाईपाशी डोळे मिटून उभे होते, हाताने चाचपून बघत. स्वतःची परीक्षा घेत होते.

मग एक दिवस ते चार कांड्या घेऊन धुळ्याला गेले. तिथे त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. चारही मेलेल्या. दाजींना आधी सुटल्यासारखं वाटलं असणार. हात खोटा नव्हता. मग त्यांनी हिशेब लावला: आपण दवाखान्यात होतो तेव्हा गाडी आठ दिवस उशिरा आली, त्यातच हे झालं. त्यांनी नायट्रोजन पुरवणाऱ्या एजन्सीकडे लेखी तक्रार केली. दाजी कधी कुणाविरुद्ध तक्रार करणारे नव्हते, त्यामुळे एजन्सीने ती खरी धरली. गाडीवाल्याला त्या मार्गावरून काढलं. त्याने तिथे सांगितलं होतं म्हणे की आपण त्या घरच्या ताईंना विचारलं होतं, कॅन कोरडं कसं पडलं. एवढ्या उशिराने ते कोरडं पडायला नको होतं, असंही. कुणी ऐकलं नाही. पण हे बोलणं फिरत फिरत दाजींच्या कानावर आलं, आणि त्यांनी ते ताईला सहज विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई एकटी एसटीने जळगावला आली. ती माझ्या दुकानात सहसा येत नसे. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती बाकावर बसून राहिली. मग म्हणाली, "तू मला तेव्हा गप्प का केलंस?"

मी बोर्डावरचा स्क्रू काढत होतो, तो काढत राहिलो.

"भाऊ, मी काय विचारते?"

"मी जास्त काढलं होतं, ताई."

"किती?"

"काडीला काही लागलंच नव्हतं जवळजवळ."

ती रडली नाही. तिने पदराने तोंड पुसलं, घामच होता तो, आणि म्हणाली, "ते माणूस रोज आपले हात बघतं. चार महिने मी ते बघितलं. मला वाटलं, यांना काही लागलंय का, कुणाची नजर. मी देवाला बोलले. आणि तुला माहीत होतं." ती उठली. "चल. आत्ताच चल. मी सांगणार नाही, तू सांगशील."

एरंडोल, पारोळा, धुळे. साऱ्या वाटेत आम्ही एसटीत शेजारी बसलो होतो आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

दाजी ओट्यावरच होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं. "किती थर्मास?" मी म्हटलं, "तीन." ते आत गेले, ती लाकडी काडी घेऊन आले, अंगठ्याने खाच चाचपली. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी वाटलं. त्यांनी काडी भिंतीला टेकवून ठेवली.

"ज्यांच्या ज्यांच्या घरी मी त्या कांड्या भरल्या," ते म्हणाले, "त्या प्रत्येक घरी तू माझ्याबरोबर यायचं. मी काही बोलणार नाही."

दोन दिवस आम्ही मोटारसायकलवर फिरलो. दाजी पुढे, मी मागे. दर दारात मला पहिल्यापासून सांगावं लागायचं: प्रोसेसर म्हणजे काय, तो गार का करायचा, नायट्रोजन कुठून घेतलं. कुणी चिडलं, कुणी मान हलवली. एका घरी म्हातारबाबांना ऐकू कमी येत होतं. मला तीच गोष्ट तीन वेळा मोठ्याने ओरडून सांगावी लागली आणि शेजारीपाजारी गोळा झाले. एक जण म्हणाला की जाऊ द्या, झालं ते झालं. ते ऐकून दाजींनी मान फिरवली. हंगाम गेला होता. ज्या म्हशी उन्हाळ्याआधी गाभण राहायच्या त्या राहिल्या नव्हत्या. आता पुढच्या हिवाळ्याशिवाय त्यांचं काही खरं नव्हतं.

आक्काचं घर दाजींनी शेवटी ठेवलं होतं. गोठा झाडून कोरडा केलेला होता. खुंट्याला दोर नव्हता. तिने म्हैस आठ दिवसांपूर्वी धुळ्याच्या बाजारात विकली होती. भाकड म्हशीला घेणारा कोण असतो आणि तो तिला कुठे नेतो, हे त्या दारात उभ्या असलेल्या तिघांनाही माहीत होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "मंग तुना त्या यंत्रनं काय व्हयनं?"

मला आधी कळलं नाही. "काय झालं म्हणजे?"

"म्हंजे त्यानं काय व्हयनं? काय भेटनं तुले?"

मी म्हटलं, "एक आकडा आला, आक्का. यादीत माझं नाव पहिलं लागलं."

"पैसा?"

"नाही."

"मंग नोकरी?"

"नाही. काहीच नाही. नुसता आकडा."

तिच्या बोलण्यात राग असता तर मला तो घेता आला असता. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं की एवढ्यासाठी हे झालं ते नेमकं काय होतं, आणि माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "बसा. चहा पीसन जा." आम्हाला तो प्यावा लागला. बिनदुधाचा होता.

मी तिला दुसरी म्हैस घेऊन देतो म्हटलं. तिने घेतली नाही. आता होत नाही माझ्याने, असं दाजींकडून कळवलं. वर्षभरात ती मुलीकडे निघून गेली. घराला कुलूप आहे.

दाजींनी जुन्या कांड्या फेकल्या, नव्या आणल्या, कॅनही नवं घेतलं. काम सुरू केलं, पण गावं परत आली ती थोडी. लोकांना आता खरं काय ते माहीत होतं, पण मधल्या काळात त्यांना त्या तरुणाची सवय झाली होती. दाजी माझ्याशी बोलतात. सणाला जेवायला बोलावतात, ताटात वाढतात. माझ्यापुढे मात्र पडवीच्या कोपऱ्याकडे जात नाहीत. मी असलो की कॅनवर पोतं टाकलेलं असतं. ताईने मला माफ केलं असं ती म्हणते. ती आता मला घराची किल्ली कुठे ठेवलीय ते सांगत नाही.

माझं नाव यादीत किती दिवस पहिलं राहिलं ते मी बघितलं नाही. साइटवरचं खातं बंद करून टाकलं. भांडं, थर्मास, काटा सगळं भंगारात दिलं. दुकान चालू आहे.

गाडीवाला राहिला होता. एजन्सीत जाऊन मी सगळं सांगितलं. तिथल्या माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला की मार्ग दुसऱ्याला देऊन झालाय, आता काय करणार. गाडीवाल्याचा पत्ता त्याने दिला नाही. पुढच्या उन्हाळ्यात नशिराबादला एका गिऱ्हाइकाचा संगणक पोचवायला गेलो होतो तेव्हा कळलं की तो तिथेच पाण्याच्या टँकरवर आहे. मी त्याला शोधून काढलं. तो टँकरच्या सावलीत बसून डबा खात होता. माझ्यापेक्षा वयाने थोडा मोठा, केस पिकलेले. मी त्याला तसाच उभ्याने सांगितलं, जसं सगळ्यांना सांगितलं होतं.

त्याने घास खाली ठेवला. "म्हणजे माझ्या उशिराने नाही झालं ते?"

"नाही. मी काढलं नसतं तर आठ दिवसांनी काही बिघडलं नसतं."

"मी घरी रोज म्हणायचो, कॅन एवढ्यात कोरडं पडत नाही," तो म्हणाला. "रोज म्हणायचो. मग म्हणणं सोडून दिलं. म्हटलं, पडलं असेल. आपणच उशीर केला, हे तर खरंच आहे." त्याने डबा बाजूला सरकवला. "तुम्ही हे लिहून द्याल का?"

"त्याचा आता एजन्सीत काही उपयोग होणार नाही."

"एजन्सीत नाही. घरी दाखवायचंय."

माझ्या पिशवीत दुकानाचं पावतीपुस्तक होतं. एका पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी लिहिलं की कॅन माझ्यामुळे कोरडं पडलं, गाडीच्या उशिरामुळे नाही. खाली सही केली. त्याने हात धुतले, शर्टाला पुसले, कागद वाचला. एक शब्द त्याला लागला नाही, तो मी वाचून दाखवला. मग त्याने त्याची नीट घडी केली आणि टँकरच्या केबिनमधल्या वरच्या फळीवर, कागदपत्रांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली. तो परत डब्यापाशी बसला. मला बस म्हणाला नाही, जा असंही म्हणाला नाही. मी थोडा वेळ तिथे उन्हात उभा होतो.